बापलेकीची चाल

"पोरीले जरा विहिरीवरून गुंडभर पानी आनू द्या," मुलाची आत्या म्हणाली आणि मी मनात म्हटलं, झालं!

पाणी कोणाला हवं होतं? घरात दोन रांजण काठोकाठ भरलेले होते. आमच्याकडे मुलगी पाहायला आलेल्या बाया पाणी मागतात ते मुलीची चाल बघायला. सरळ सांगायचं नाही की बाई, चालून दाखव. त्यात म्हणे अपमान होतो.

माझी भाची नलू गुंड घेऊन निघाली. आत्याबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि डोळे ताणून पाहिलं. नलू विहिरीकडे गेली, भरला गुंड कमरेवर घेऊन परत आली. आत्याबाईंनी मग नलूकडे पाहायचं सोडून अंगणात उभ्या असलेल्या नलूच्या बापाकडे पाहिलं. खालपासून वर नाही, नुसतं खाली.

नलूचे बाप म्हणजे माझे भाऊजी, तानबाजी उमाटे. सेलूपासून कोसभरावर त्यांची शेती. माणूस लाखात एक, पण पाय फेंगडे. थोडेथोडके नाहीत. भाऊजी उभे राहिले की त्यांच्या दोन गुडघ्यांमधून कोंबडी पंख न मिटता निघून जायची. हे मी पदरचं सांगत नाही. मी पाहिलेलं आहे, आणि कोंबडीच्या मागून कोंबडाही गेला होता.

पाहुणे गेले. आठवड्यात निरोप आला, "पोरगी बापावर गेली." आधीच्या दोन ठिकाणांहूनही असंच काहीसं कळलं होतं, फक्त जरा गोड शब्दांत.

माझी बहीण जयवंता, तिला मी ताई म्हणतो, ती चवताळली. "माह्या पोट्टीचे पाय ऊस हायेत ऊस! मी न्हाऊ घातलं तिले, मले मालूम नाई? यायच्या डोळ्यात माती पडली काय?"

"डोळ्यात माती नाई पडली," भाऊजी ओट्यावर बसून म्हणाले. "मी पडलो. थे मले पाह्यतात आन् समजतात का लुगड्याखाली पोरीचेबी असेच असन."

"मंग तुमी काहाले मधात मधात फिरता? गोठ्यात बसत जा ना पाहुने आले का!"

"पोरीचा बाप गोठ्यात बसन त पाहुने कोनाले पाहतीन, बैलाले?"

मी पुलगावच्या कापडगिरणीत टाइमकीपर. लोक उशिरा आले की त्यांच्यावर डाफरायचा मला पगार मिळत असे, त्यामुळे कोणत्याही भांडणात तोंड घालायची सवय. मी म्हटलं, "भाऊजी, पाय सरळ करता येतात. आमच्या गिरणीतल्या फोरमनच्या आईचा केला. वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात हाडाचे डॉक्टर आहेत, ते हाड कापतात आणि सरळ बसवतात."

"कापतात?" ताईनं पदर तोंडाला लावला.

भाऊजी मात्र शांतपणे आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिफनीची दांडी वाकडी झाली त सुतार कापतेच ना. चाल बंडू. कधी जाचं?"

इथे एक अडचण होती, ती मला फोरमननं सांगितली होती. डॉक्टर नुसत्या दिसण्यासाठी हात लावत नाहीत. पाय दुखत असेल, चालणं अवघड झालं असेल, तरच. पोरीचं लग्न जमत नाही म्हणून बापाचा पाय कापा, असं सांगितलं असतं तर त्यांनी आम्हा दोघांना वेगळ्याच वॉर्डात भरती केलं असतं. म्हणून ठरलं की भाऊजींनी खोटं बोलायचं. पाय फार दुखतो म्हणायचं.

आता भाऊजी म्हणजे असा माणूस की बाजारात बैल विकायला नेला तर त्याची खोड आधी सांगणारा. एस.टी.त मी त्यांची तालीम घेतली. "जरा विव्हळून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच. डॉक्टरांसमोर एकदम जमायचं नाही."

भाऊजींनी डोळे मिटले आणि अशी काही आरोळी ठोकली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टर घंटीची दोरी सोडून धावत आला, "कोनाले उलटी होऊन राह्यली? खिडकीतून करा, खिडकीतून!" पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू हे माझे कोणी लागतच नाहीत.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी भाऊजींना धोतर वर धरून उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग विचारलं, "दुखतं का?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, विव्हळायचं विसरले आणि नुसतं म्हणाले, "हाव जी. दुखते."

"कधी दुखतं?"

"खाली बसून उठतो तवा. हात टेकून उठा लागते. मंग खांब धरून जरासाक थांबतो, थे गुडघ्यातलं निवलं का मंग चालतो."

"रात्री?"

"रातच्याले कूस पलटवाची असन त पाय हातानं उचलून तिकडं ठेवतो. आन् बांधावरून उतरताना उलटा उतरतो, पाठमोरा. सुलटं उतरलं का सुई टोचल्यावानी होते."

मी थक्क! ज्याला एस.टी.त साधं कण्हता येईना तो माणूस डॉक्टरांपुढे असा बारीकसारीक तपशील रचून सांगतोय! मनात म्हटलं, या माणसाला नाटकात घातलं असतं तर शेती सोडून देता आली असती.

डॉक्टरांनी उभ्यानंच फोटो काढायला लावला. मग बँडेजची एक पट्टी घेतली, तिचं एक टोक मला भाऊजींच्या जांघेजवळ धरायला लावलं आणि दुसरं स्वतः घोट्याशी धरलं. "बघा. ही पट्टी गुडघ्याच्या मधून जायला पाहिजे. यांची कुठून जाते?"

पट्टी गुडघ्याला शिवतही नव्हती. गुडघा तिच्या बाहेर, आपला वेगळाच संसार थाटून बसलेला.

"सगळं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतं. गाडीचं चाक तिरपं बसलं की एकाच अंगानं घासतं, तसं. आत गादी असते ती संपलीय, हाडावर हाड घासतंय." त्यांनी फोटो उजेडात धरला आणि मग माझ्याकडे वळून एकदम आवाज चढवला. "काय हो, हा माणूस आठ-दहा वर्षं या दुखण्यानं चालतोय. घरचे लोक काय झोपा काढत होते?"

घरचे लोक म्हणजे त्या क्षणी मी एकटाच. मी मान खाली घातली. बाहेर आलो आणि भाऊजींचा दंड धरला. "भाऊजी, तुम्ही खोटं बोलणार होता ना?"

"खोटं बोलाचंच होतं रे. पन जमे ना. थे इचारत गेले, मी जसं होते तसं सांगत गेलो."

"म्हणजे खरंच दुखतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यात बोलाचं काय?" भाऊजींना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "गुडघे त सगळ्याइचेच दुखते."

"माझे नाही दुखत."

"कधीच नाई?"

"कधीच नाही."

ते बाकावर बसले. समोरून एक म्हातारा गेला, दोन नर्सेस गेल्या, पोराला कडेवर घेऊन एक बाई गेली. भाऊजी प्रत्येकाच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"यायचेबी नाई दुखत?" त्यांनी हळूच विचारलं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून मी त्यांच्यावर खेकसलो की आता चहा प्या आणि गप्प बसा.

पौषात कापूस घरात आला आणि भाऊजींचा उजवा पाय कापला. एका वेळी एकच पाय करायचा, दुसरा पुढच्या साली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुडघ्याच्या खाली हाडाची एक पाचर काढली, फट मिटवली, पाय सरळ झाला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. गावातून माणसं यायला लागली. शेजारचे बापूजी आले, त्यांनी प्लॅस्टरवर टकटक करून पाहिलं आणि विचारलं, "कापलेलं हाड कुठी हाये?"

"मले काय मालूम? डॉक्टरनं ठेवलं असन."

"ठेवलं असन? वा रे वा! तुह्या देहाचं हाये ना थे? मांगून घे. उद्या स्वर्गात गेला त एका पाचरीनं कमी भरशीन."

भाऊजींनी रात्रभर विचार करून सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना खरंच ते हाड मागितलं. डॉक्टर हसत हसत पुढच्या खाटेकडे गेले. ते हाड काही मिळालं नाही.

फाल्गुनात प्लॅस्टर निघालं आणि भाऊजी लीलाबाईंच्या हाती आले. लीलाबाई म्हणजे दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई. ठेंगण्या, कडक, आवाज असा की पलीकडच्या वॉर्डातले पेशंटही पाय हलवायला लागायचे. व्हरांड्यात फरशीवर त्यांनी पांढरी पट्टी आखून घेतली होती. पट्टीवरून चालायचं, टाच आधी, मग चवडा, गुडघा पुढे, बाहेर नाही.

"काका, तो पाय आता सरळ आहे. त्याला सरळ टाका. जुन्या पायासारखा फिरवू नका."

"फिरवत नाई जी. थो आपल्या मनानंच फिरते."

भाऊजींचा उजवा पाय आता खांबासारखा सरळ आणि डावा जसाच्या तसा. उजवा वर्ध्याला निघाला की डावा सेलूकडे वळायचा. बघणाऱ्याला हसू आवरत नसे, आणि सगळ्यात जास्त हसायचे स्वतः भाऊजी.

अशाच एका दुपारी मी भेटायला गेलो असताना नलू डबा घेऊन आली. आई शेतात अडकल्यामुळे बापाजवळ तीच राहत होती. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून ती येत होती आणि लीलाबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होत्या.

"ए पोरी, थांब तिथं. लुगडं जरा वर धर. गुडघे दिसू दे."

नलू लाजली, पण लीलाबाईंपुढे लाजण्याची सोय नव्हती. बाईंनी तिला दोन्ही पाय जुळवून उभं केलं. गुडघ्याला गुडघा टेकला, घोट्याला घोटा. सरळ, अगदी ताई म्हणायची तसे.

"पाय तर झकास आहेत तुझे. मग अशी का चालतेस?"

"कशी?" नलू म्हणाली.

"कशी काय कशी! चालून दाखव."

नलू चालली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पाऊल बाहेरून फिरवून टाकायचं, अंग आधी डावीकडे झुकवायचं, मग उजवीकडे, नावेत बसल्यासारखं. हुबेहूब भाऊजी! पाय ताईचे आणि चाल बापाची. इतकी वर्षं ती आमच्यासमोर चालत होती आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं, कारण उमाट्यांच्या घरात माणूस असाच चालतो हे आम्ही धरूनच चाललो होतो. ती आत्याबाई खोटं बोललेली नव्हती.

"कुठून शिकलीस ही चाल?" लीलाबाईंनी विचारलं.

नलूनं बापाकडे पाहिलं. "सरत्यामागं असन."

लीलाबाई शहरातल्या, त्यांना समजावून सांगावं लागलं. पेरणीला बाप तिफण धरतो. तिफणीच्या मागे दोरीनं एक वेगळी नळी बांधलेली असते, तिला सरता म्हणतात. ज्वारीच्या मध्ये तुरीचं तास, म्हणजे ओळ, धरायचं असतं, त्याचे दाणे या सरत्यातून सोडतात. भाऊजींना मुलगा नव्हता. नलू परकर नेसायला लागली तेव्हापासून दर मृगात सरता तिच्याच हाती.

"पेरलेल्या तासावर पाय पडू नाई देत बाबा," नलू सांगत होती. "बाबाचं पाऊल जिथी पडलं तिथीच आपलं टाका लागते. नाई त शिव्या भेटते."

मग काय, बापाचं पाऊल बाहेरून फिरलेलं, म्हणून तिचंही फिरलेलं. मातीत उमटलेल्या त्या वाकड्या पावलांवर पाय ठेवत ठेवत पोरगी लहानाची मोठी झाली होती.

भाऊजींनी आधी नलूच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या नव्या सरळ पायाकडे, आणि एकदम असे हसायला लागले की काठी हातातून सुटली. "म्हंजे बंडू, माहा पाय फुकटच कापला म्हन ना!"

"फुकट कसा?" लीलाबाई कडाडल्या. "दुखायचा थांबला ना? आता उभे राहा. पोरी, तूही ये. बापाच्या मागे नाही, शेजारी."

त्या दिवसापासून पट्ट्या दोन झाल्या. एका पट्टीवर बाप, एका पट्टीवर लेक. वॉर्डातले पेशंट खाटा दाराशी ओढून बघायला बसायचे. नलूचं पाऊल फिरलं की भाऊजी ओरडायचे, "ए, फिरलं!" आणि भाऊजींचं फिरलं की नलू, "बाबा, सेलूले चालले तुमी!" दोघांत नलू लवकर शिकली. तिचं वय कोवळं, पाय चांगले, आणि गरजही तिचीच.

चैत्रात तळेगावहून बबनराव मुलासाठी नलूला पाहायला आले. त्यांचा मुलगा एस.टी.त मेकॅनिक होता, ठिकाण चांगलं होतं, आणि हेही गेलं असतं तर त्या साली लग्न होणं नव्हतं. ताईनं आदल्या दिवशीच फर्मान काढलं, "नलूचे बाबा, तुमी खाटेवरून उठाचं नाई. आधी दोन वाकडे होते, आता एक सरळ एक वाकडा. थे त त्याहून वाईट दिसते."

चैत्रातलं वर्ध्याचं ऊन! कावळे झाडावर तोंड उघडून बसलेले आणि आमचे भाऊजी खाटेवर कमरेपर्यंत गोधडी घेऊन. घाम कानामागून गळत होता.

"तब्येत बरी नाई काय?" बबनरावांनी विचारलं.

"बरी हाये जी. जरा थंडी वाजून राह्यली."

बबनरावांनी उपरण्यानं स्वतःचा घाम पुसला. थोड्या वेळानं त्यांच्या बायकोनं पाणी मागितलं. विहिरीचंच.

नलू गुंड घेऊन निघाली. भाऊजींचे ओठ हलत होते; टाच, चवडा, टाच, चवडा. नलू विहिरीपर्यंत गेली, भरला गुंड घेऊन परत आली, आणि पाऊल एकदाही फिरलं नाही. बबनरावांच्या बायकोनं नवऱ्याकडे बघून मान हलवली. ताईनं डोळ्यांनीच मला सांगितलं, जमलं!

पाहुणे उठले. आमच्याकडे मुलीचा बाप पाहुण्यांना शिवेपर्यंत पोचवायला जातो. ताई घाईघाईनं म्हणाली, "बंडू येते तुमच्यासंगं, यायले थंडी हाये."

भाऊजींनी गोधडी बाजूला टाकली. "थंडी गिंडी काई नाई. माह्या दारावरून पाहुना एकटा नाई जात." आणि काठी घेऊन उभे राहिले.

ताईनं कपाळाला हात लावला. भाऊजी अंगण ओलांडून बबनरावांपर्यंत गेले, एक पाय सरळ, एक फेंगडा. बबनराव बघतच राहिले. "हे काय जी? एक असा, एक तसा?"

"दोनी वाकडे होते. एक डॉक्टरनं सरळ केला, दुसरा पुढच्या साली. पोरीची चालबी माह्यासारखीच होती, थे दवाखान्यात शिकून सरळ झाली. मले तुमच्यापासून लपवाचं नाई."

ताई मटकन उंबऱ्यावर बसली. मी मनातल्या मनात भाऊजींना इतक्या शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. बबनरावांनी बराच वेळ त्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिकून सरळ झाली ना? मंग झालं. आन् तुमच्या पायाचं म्हनान त आमाले काई तुमच्यासंगं नाचाचं नाई."

वैशाखात लग्न लागलं. भाऊजी दिवसभर मांडवात फिरले, जेवणाच्या पंगतीत वाढायला वाकले, उठले, आणि उजव्या गुडघ्याकडे बोट करून ज्याला त्याला सांगत सुटले, "हा नाई दुखत, पाह्य!"

संध्याकाळी पाठवणी. नलू आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि सासरच्या बायांच्या घोळक्यात मॅटाडोरकडे निघाली. सगळ्याजणी डोक्यावरून शेले घेतलेल्या, पाठमोऱ्या. धूळ उडत होती. बाया म्हणत होत्या, काय चालते पोरगी, कशी सरळ!

भाऊजी माझ्याजवळ काठीवर वाकून उभे होते. पाणी भरायला गेलेली असो की वेचणीला, हा माणूस नलूला तीन वावरांपलीकडून ओळखायचा. आता ते डोळे बारीक करून बघत होते.

"बंडू, याच्यातली आपली कोनती रे?"

खरं सांगतो, मलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, "मधातली."

भाऊजींनी मधल्या बाईकडे बघून हात वर केला. मॅटाडोरच्या पायरीशी एकजण थांबली आणि मागे वळली. ती डावीकडची होती.

भाऊजींनी वर केलेला हात खाली घेतला नाही. तसाच तिच्याकडे वळवला.